लिमिट कोण खाऊन राहिलं?

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, दोन इवलेसे कॉम्प्युटर एकामागे एक उभे असत. विंडोज एक्सपीच्या काळात ज्यांनी फोनच्या तारेवरून घरी इंटरनेट घेतले, त्यांना हे चित्र आठवत असेल. माहिती बाहेर गेली की त्यातला एक पडदा निळा उजळायचा, आत आली की दुसरा. एखादे पान उघडताना ते लुकलुकत, त्यात नवल नव्हते. नवल वाटायचे ते निराळ्याच वेळी. ब्राउझर बंद आहे, माउसला कोणाचा हात नाही, घरची मंडळी जेवायला बसली आहेत, आणि तरी त्या दोन पडद्यांची आपापसात बडबड चालूच आहे.

मग गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीत किंवा वडशात दुरुस्तीवाल्या पोराला बोलावणे जायचे. तो येऊन खुर्चीत बसायचा, काळी खिडकी उघडायचा, दोन-तीन शब्द टाइप करायचा आणि निकाल द्यायचा : "गुरुजी, तुमचं लिमिट कोणीतरी खाऊन राहिलं जी."

घरच्या कॉम्प्युटरची कोणाकोणाशी जोडणी चालू आहे हे बघायला सामान्य माणूस कसा शिकला, ही गोष्ट सहसा व्हायरस आणि हॅकर यांच्या अंगाने सांगतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात उभे राहून पाहिले तर तिचे दुसरे टोक आधी दिसते. इथे ही नजर भीतीपेक्षा बिलाने शिकवली. आणि बिलाची ती शिकवणी इंटरनेटच्या बरीच आधी सुरू झाली होती.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा निघाला. दक्षिण टोकाच्या सिरोंचापासून नवे जिल्ह्याचे ठिकाणही सुमारे दोनशे किलोमीटर, वाटेत जंगल आणि नाले. रेल्वे स्टेशन म्हणाल तर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वडसा, तेवढे एकच. अशा मुलखात दूरवर बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवायचा आणि टपाल कार्यालयाच्या बाकावर बसून राहायचे. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिने बनवलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला पहिल्यांदा बसले. धूळ आणि उन्हाळा सोसणारे, वातानुकूलित खोली न मागणारे हे यंत्र चंद्रपूरच्या उन्हाळ्यासाठीच बनवल्यासारखे होते. त्यामागून पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, आणि त्या बूथमध्ये लोक पहिल्यांदा मीटर वाचायला शिकले.

काचेच्या केबिनमध्ये डोक्याच्या उंचीवर लाल आकडे पळत असत. बोलणाऱ्याचे अर्धे लक्ष पलीकडच्या माणसाकडे आणि अर्धे त्या आकड्यांकडे. रात्री उशिरा पाव दर लागे, म्हणून जेवणे आटोपून लोक बूथसमोर रांग लावत. फोन ठेवला की यंत्रातून कागदाची चिंचोळी पट्टी निघे : नंबर, वेळ, पल्स, रक्कम. कोणाशी बोललो, किती वेळ बोललो, किती पैसे झाले. पुढे कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत माणसे जे शोधू लागली, त्याचा आराखडा या चिठोऱ्यावर आधीच छापलेला होता.

सर्वसामान्यांसाठीचे इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी महानगरांत सुरू केले. छोट्या गावांत ते पुढच्या काही वर्षांत डायल-अपच्या रूपाने पोचले आणि त्याला एक नव्हे, दोन मीटर होते. एक विकत घेतलेल्या तासांचा, दुसरा फोनच्या पल्सचा. मोडेम किंचाळून, खरखरून जोडला गेला की घरातला फोन अडकलेला असे. जोडणीच्या चिन्हावर दोनदा क्लिक केले की एक छोटी खिडकी उघडे : किती वेळ झाला, किती बाइट गेले, किती आले. या भागातल्या बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेले पहिले नेटवर्क मॉनिटर ते हेच. ते कोणी तसे म्हणत नसे, इतकेच. लोक पत्रे आधी लिहून ठेवत, मग लाइन जोडत, धाडत आणि लगेच तोडत.

ती काळी खिडकी मात्र आणखी जुन्या घराण्यातली आहे. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्याने टीसीपी-आयपी ही बोली स्वीकारली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतून युनिक्सची नवी आवृत्ती बाहेर पडली, आणि तिच्यात 'नेटस्टॅट' नावाचा एक आटोपशीर प्रोग्राम होता. गडचिरोली जिल्हा तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. बारा वर्षांनी विंडोज ९५ आले तेव्हा हीच आज्ञा त्याच नावाने त्यातही होती. कोणी जाहिरात केली नाही, कोणत्या मेनूत तिचे बटण नव्हते. स्टार्ट, मग रन, मग कमांड (एक्सपीत सीएमडी), मग नेटस्टॅट आणि त्यापुढे आडवी रेघ देऊन एक-दोन अक्षरे. ज्याला ठाऊक होते त्यालाच ती सापडे.

पडद्यावर चार-पाच रकाने उमटतात. पहिल्यात प्रोटोकॉल, दुसऱ्यात आपला पत्ता, तिसऱ्यात पलीकडचा पत्ता, चौथ्यात अवस्था. पत्त्याच्या शेवटी विसर्गासारखी दोन टिंबे आणि पुढे एक आकडा, तो पोर्ट. पत्ता म्हणजे घर मानले तर पोर्ट म्हणजे त्या घराचे नेमके कोणते दार. ८० आणि ४४३ ही वेबसाइटची दारे, ५३ हे नावावरून पत्ता विचारण्याचे. १२७.०.०.१ हा पत्ता दिसला तर घाबरायचे कारण नाही, यंत्र स्वतःशीच बोलत असते. खरी मजा चौथ्या रकान्यात आहे. 'लिसनिंग' म्हणजे दार उघडे ठेवून कोणी येण्याची वाट पाहणे. 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे बोलणे चालू. 'सिन-सेंट' म्हणजे आपण हाक मारली, पलीकडून 'ओ' आलेली नाही. आणि 'टाइम-वेट' म्हणजे बोलणे संपले, पण उशिरा पोचणाऱ्या एखाद्या तुकड्यासाठी जागा अजून राखून ठेवली आहे. हे शब्द सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या टीसीपीच्या मूळ नियमपत्रातून आलेले आहेत. त्या नियमाप्रमाणे ही शेवटची अवस्था चार मिनिटे टिकते, आणि एक्सपीमध्येही ती तेवढीच टिके.

ताडोब्याच्या जंगलातल्या माणसाला हे लवकर समजेल. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर माणसे बसतात आणि चांदण्यात पाण्यावर येणारे प्रत्येक जनावर वहीत टिपतात. मचाणावरून दिसते ते त्या क्षणाचे. डुलकी लागली तेवढ्यात अस्वल पाणी पिऊन गेले तर वहीत अस्वल नाही. नेटस्टॅटचेही तसेच : आज्ञा दिली त्या क्षणाची यादी, मागची नाही, पुढची नाही. टाइम-वेटची ओळ ही चिखलातल्या ओल्या पावलासारखी, नुकतेच कोणीतरी इथून गेले एवढेच सांगणारी, आणि चार मिनिटांत वाळणारी. वाघांच्या मोजणीतही देशाने २००५ नंतर पाऊलखुणांची पद्धत सोडून कॅमेरा ट्रॅपचा रस्ता धरला. घरच्या कॉम्प्युटरवर असा सतत जागा राहणारा कॅमेरा बसवायला मात्र फार कमी लोक गेले.

या विद्येची पहिली मोठी गरज पडली ती ऑगस्ट २००३ मध्ये. ब्लास्टर नावाचा किडा १३५ क्रमांकाच्या दारातून आत शिरे आणि पडद्यावर चौकट येई : कॉम्प्युटर साठ सेकंदांत बंद होणार. उलटे आकडे चालू. पुढच्या वर्षी एप्रिलअखेर सॅसर आला, तो ४४५ च्या दारातून. दोघांनाही कोणी फाइल उघडण्याची गरज नव्हती, लाइन जोडलेली असणे पुरे होते. डायल-अपवर पंधरा मिनिटे बसलेला माणूसही यात सापडू शकत होता. चौकट आली की रनमध्ये जाऊन 'शटडाउन' आणि त्यापुढे 'ए' टाइप करून तो उलटा मोजणारा घड्याळकाटा थांबवणे, ही त्या वर्षीची सर्वांत मोलाची युक्ती होती आणि ती तोंडोतोंडी पसरली. सॅसर लागलेल्या यंत्रावर नेटस्टॅट चालवला तर पडदा भरून ओळी येत : सिन-सेंट, सिन-सेंट, सिन-सेंट, प्रत्येकीच्या शेवटी ४४५. आपलेच यंत्र अनोळखी पत्त्यांची दारे ठोठावत फिरते आहे, हे ज्याने एकदा पाहिले त्याला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

हे शिकवले कोणी? वर्गात तर नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००१ पासून सुरू झाला, सरकारी नोकरीला त्याचे प्रमाणपत्र लागू लागले, आणि तालुक्याच्या गावांपर्यंत वर्ग निघाले. तिथे टाइप करणे, तक्ते करणे, ईमेल पाठवणे शिकवले जाई, आणि लाखो लोकांसाठी ते योग्यच होते. पण आपले यंत्र कोणाशी बोलते हे बघणे दुरुस्तीच्या दुकानात शिकले जाई, पंखा काढून ब्रशने धूळ झाडता झाडता. या विद्येचा महाराष्ट्रातला वंश तसा दुरुस्तीवाल्यांचाच आहे. कैलास काटकर यांनी दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले. पुढे स्वतःचे दुकान काढले, आणि दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस सापडू लागले तेव्हा धाकट्या भावाने, संजय यांनी, ते काढणारा प्रोग्राम लिहिला. नव्वदच्या दशकात त्यातून उभे राहिलेले उत्पादन म्हणजे क्विक हील. कंपनीनेही २००७ मध्ये तेच नाव घेतले. गडचिरोलीच्या दुकानांतल्या पोरांनी कंपनी काढली नाही, पण ते शिकले त्याच शाळेत : बिघडलेले यंत्र समोर ठेवून.

त्यांच्यापुढचा रोग मात्र बहुतेक वेळा तारेतून आलेला नसे. तार होतीच कुठे इतकी? तो यायचा पेनड्राइव्हमधून. फोटो स्टुडिओ, झेरॉक्सचे दुकान, सरकारी कार्यालय आणि घर यांच्यामध्ये फिरणारी ती कांडी हेच इथले खरे नेटवर्क होते, आणि त्याची यादी कोणताही नेटस्टॅट दाखवत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये उगवलेल्या कॉनफिकरच्या पुढच्या अवतारांनी दोन्ही वाटा धरल्या, जाळ्यातून ४४५ चे दार आणि जोडीला पेनड्राइव्ह.

तरीही किड्यांची भीती ही येऊन जाणारी गोष्ट. एक्सपीला ऑगस्ट २००४ मध्ये दुसरा सर्व्हिस पॅक मिळाला, फायरवॉल आपोआप चालू झाला, साठ सेकंदांची चौकट दिसेनाशी झाली. नजर रोजच्या सवयीची झाली ती ब्रॉडबँडमुळे.

बीएसएनएलने १४ जानेवारी २००५ रोजी डेटावन ही सेवा सुरू केली. सरकारी धोरणाने ब्रॉडबँडची व्याख्या २५६ केबीपीएस अशी ठरवली होती. आता फोन मोकळा राहणार होता आणि मोडेम दिवसभर चालू ठेवता येणार होता. स्वस्त घरगुती योजनांना मात्र महिन्याची मर्यादा असे, तीही एखाद-दोन जीबींची, आणि त्यापुढे प्रत्येक एमबीचे वेगळे पैसे. 'लिमिट' हा शब्द घराघरांत शिरला तो इथून. जरा आकडेमोड करू : २५६ केबीपीएसच्या पूर्ण वेगाने एक जीबी ओढायला सव्वानऊ तास लागतात. म्हणजे सकाळी दहाला शाळेत गेलेल्या गुरुजींच्या घरी काही तरी मुकाट्याने उतरत राहिले, तर संध्याकाळी सातनंतर ते चहा घेत असताना महिन्याचे लिमिट संपलेले असे, आणि हे कळणार बिल आल्यावर.

पाचशे रुपयांच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ हा वेळ मोफत होता. पाव दराची एसटीडी जणू नव्या कपड्यांत परत आली. लोक दोनचा गजर लावत, उठून डाउनलोड चालू करत आणि आठच्या आत बंद करायला पुन्हा उठत. त्यात पुन्हा भारनियमन. राज्याला वीज देणारे महाऔष्णिक केंद्र चंद्रपुरात, त्याच्या धुराड्यांची राख चंद्रपुरात, आणि डाउनलोड पंचाण्णव टक्क्यांवर असताना अंधारही त्याच पट्ट्यातल्या गावांत. यूपीएस किंचाळायचा, पाच मिनिटांत तोही गप्प.

इथे मग माणसे खरोखर शोध घेऊ लागली. एक्सपीपासून नेटस्टॅटला 'ओ' हे अक्षर जोडता येऊ लागले होते, त्याने प्रत्येक जोडणीमागच्या प्रोग्रामचा क्रमांक दिसे. तो टास्क मॅनेजरमध्ये जुळवला की नाव सापडे. यापेक्षा सोपे हत्यार होते टीसीपीव्ह्यू. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्सने ते फुकट दिले होते, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्सच विकत घेतले. त्यात नवी जोडणी उघडली की हिरवी ओळ, तुटली की लाल. यादी जिवंत हलताना दिसे. आणि मग चोर सापडत, बहुधा घरातलेच. विंडोज स्वतःच दुरुस्त्या उतरवत असे. अँटिव्हायरस नव्या याद्या मागवत असे. मुलाने सिनेमासाठी चालू केलेला टॉरंट सिनेमा बघून झाल्यावरही तोच सिनेमा जगभर वाटत बसलेला असे. हे शेवटचे कळायला लोकांना सर्वांत जड गेले. आपण घेतलेल्याचे पैसे लागतात हे ठीक, पण दिलेल्याचेही लिमिटमध्ये मोजतात?

क्वचित चोर बाहेरचाही निघे. मोडेमच्या आत जाण्याचा पत्ता बहुतेक ठिकाणी सारखाच, १९२.१६८.१.१, आणि नाव-पासवर्ड दोन्ही 'अॅडमिन'. बसवणाऱ्याने बदलले नाही, घेणाऱ्याला माहीत नव्हते. जुलै २०१७ मध्ये कर्नाटकात असेच मूळ पासवर्ड राहिलेले हजारो मोडेम एका मालवेअरने एकाच आठवड्यात निकामी केले, तेव्हा पासवर्ड बदला हे आवाहन ग्राहकांना जाहीरपणे करावे लागले.

बिलातल्या फरकावरून चोर पकडण्याचा मान मात्र या बाबतीत कॅलिफोर्नियाकडे जातो. १९८६ च्या ऑगस्टमध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला कॉम्प्युटर-वापराच्या हिशेबात पाऊण डॉलरची चूक सापडली. कोणी नऊ सेकंद वापरून पैसे दिलेले नव्हते. तो धागा ओढत तो पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचला, जिथे मार्कुस हेस नावाचा तरुण अमेरिकी लष्करी कॉम्प्युटर धुंडाळून माहिती केजीबीला विकत होता. स्टॉलनेही सुरुवात केली ती वहीतल्या पैशांपासूनच.

गडचिरोलीत 'कोण आलं होतं?' हा प्रश्न तसा साधा नाही. १९८० मध्ये नक्षलवादी या जंगलात आले, आणि रात्री गावात कोण जेवून गेले हे पोलिसांनीही विचारले आणि दुसऱ्या बाजूनेही. मोबाइलचे मनोरे तर थेट या संशयाच्या मधोमध उभे राहिले. खबर पोचवणारी वस्तू म्हणून काही जाळले गेले. नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत पहिल्या टप्प्यात देशभर २,३४३ जागी टूजी यंत्रणा उभी झाली, दुर्गम ठिकाणी सौरऊर्जेवर आणि उपग्रहाच्या तबकडीवर. ती फोरजी करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ एप्रिल २०२२ रोजी मंजुरी दिली. उपग्रहाकडे गेलेली हाक छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन खाली येते, तेवढेच उत्तरही. नुसत्या जाण्यायेण्यातच अर्धा सेकंद जातो, आणि तोही गावातल्या सगळ्या फोनांमध्ये वाटलेल्या चिंचोळ्या नळीतून. अशा ठिकाणी जोडण्यांवर नजर ठेवणे हा छंद राहत नाही. २०११ मध्ये राज्यात संग्राम प्रकल्प आला, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आणि संगणक परिचालक आला, पुढे 'आपले सरकार'चे दाखले आले. जातीच्या दाखल्याचा अर्ज अपलोड होताना मागे विंडोज अपडेट चालू असेल तर अर्ज अडकतो, आणि समोर वीस किलोमीटर चालून आलेला माणूस बसलेला असतो. जुलै २०१५ मध्ये निघालेल्या विंडोज १० ने तर उतरवलेल्या दुरुस्त्या इंटरनेटवरच्या अनोळखी यंत्रांना वाटण्याचा उद्योगही मूळ सेटिंगमध्येच चालू ठेवला होता. मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या मुख्यालयात बसून हे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गडचिरोलीतले एटापल्ली नसणार. ते बंद करणे आणि जोडणी 'मीटर्ड' अशी खूण करून ठेवणे, ही पहिल्या दिवसाची कामे झाली.

शहरी आणि निमशहरी भागात मात्र मीटरच गेला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, आधी फुकट, नंतर दिवसाला जीबीच्या हिशेबात. महिनाभर पुरवून वापरायचा जीबी आता दुपारपर्यंत संपला तरी रात्री बारानंतर नवा मिळू लागला. मीटरबरोबर नजरही गेली. टीसीपीव्ह्यू उघडून बसणारा गृहस्थ रिकामटेकडा वाटू लागला. आणि उघडून बसला तरी आता त्याला दिसते काय? जवळपास सगळ्या जोडण्या ४४३ च्या दाराने, सगळे बोलणे कुलूपबंद, आणि पलीकडचे पत्ते चार-दोन बड्या कंपन्यांच्या डेटा सेंटरचे. बँक, सिनेमा, हेरगिरी करणारे अॅप, सगळे एकाच वाड्यात भाड्याने राहतात. पत्त्यावरून माणूस ओळखायची सोय पूर्वीसारखी उरलेली नाही.

भामरागडला मात्र ती यादी अजून सहज वाचता येते, निदान पावसाळ्यात. पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की गाव तुटते, त्यात कधी वीज जाते, कधी केबल. अशा दुपारी एखाद्या कार्यालयात यूपीएसच्या जोरावर काळी खिडकी उघडली तर एस्टॅब्लिश्डच्या ओळी एकेक करून गळालेल्या असतात आणि उरतात त्या सिन-सेंटच्या. एक्सपीपासून विंडोज सातपर्यंतची यंत्रे अशी हाक तीनदा मारत : पहिल्यांदा, मग तीन सेकंदांनी, मग आणखी सहा सेकंदांनी. त्यानंतर बारा सेकंद थांबून, एकूण एकवीस सेकंदांनी, ती ओळ पुसली जाई. परिचालक पुन्हा 'सबमिट' दाबतो, ओळ पुन्हा येते.